जोडी जमली, गोष्ट जमली का?

बेडशात मोबाइलची रेंज घरागणिक बदलते. आमच्या शेजारच्या घरात ती पडवीतल्या कणगीपाशी सगळ्यात बरी मिळते. लोणावळ्याला कॉलेजात जाणारी त्या घरातली मुलगी म्हणूनच संध्याकाळी कणगीला टेकून बसते, पाण्याच्या तांब्याला मोबाइल उभा करते आणि थाई मालिका लावते. समोर तिची आत्या सुपात तांदूळ घेऊन निवडत असते. मुलगी इंग्रजी सबटायटल वाचते आणि लगोलग मराठी करून आत्याला सांगते. कॉलेजातली दोन मुलं, एक वरच्या वर्गातला, एक नवा आलेला. आधी खुन्नस, मग ओढ. पहिले काही दिवस आत्या नुसती ऐकत होती. एका संध्याकाळी पडद्यावरचा नायक रडायला लागला तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, "ह्याला रडाया येत न्हाय. डोळं कोरडंच हायेत बघ."

दोन मुलांच्या प्रेमाबद्दल तिची काही तक्रार नव्हती, खोट्या रडण्याबद्दल होती.

या विषयाचा आढावा लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला आधी हे वाक्य आठवलं. थाई 'बॉईज लव्ह' म्हणजे बीएल मालिकांबद्दल लोकलच्या डब्यात, कॉलेजच्या कट्ट्यावर, घरात जे बोललं जातं त्यातलं बरंचसं बोलणं कारागिरीचं असतं. गोष्ट कशी रचलीय, पोरं कामं कशी करतात. या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र वेगवेगळ्या दिशांना जातात. एकाच मालिकेला लेखनात नापास करून अभिनयात पहिला नंबर देणारे प्रेक्षक सर्रास भेटतात. मराठीत या विषयावर जे मोजकं काम झालंय त्याच्याबद्दल बोलताना तक्रारीचा सूर वेगळा असतो. म्हणून या लेखात दोन्हीकडचा हिशेब मांडतो: आधी थाई, मग आपला.

उगम

थाई मालिकांचं बीज जपानी आहे. १९७० च्या दशकात ताकेमिया केइको, हागिओ मोतो अशा चित्रकथाकार स्त्रियांनी मुलींच्या मासिकांत दोन मुलग्यांच्या प्रेमाच्या कथा आणल्या. ताकेमिया यांची 'काझे तो की नो उता' १९७६ मध्ये सुरू झाली, आणि १९७८ मध्ये 'जून' हे याच प्रकाराला वाहिलेलं मासिक निघालं. हौशी लेखिकांच्या वर्तुळात या कथांना 'याओई' असं थट्टेचं नाव पडलं. चढण नाही, शेवट नाही, अर्थ नाही, अशा तीन जपानी शब्दप्रयोगांची ती आद्याक्षरं. म्हणजे लेखनाबद्दलची तक्रार बारशाच्या दिवशीच नोंदवली गेली, तीही लिहिणाऱ्यांनी स्वतःच. थायलंडमध्ये या नावाचं आखडून 'वाय' झालं. तिकडे वाय कादंबरी, वाय मालिका असंच म्हणतात.

थाई पडद्यावरचा ठळक टप्पा म्हणजे २००७ चा 'द लव्ह ऑफ सियाम' हा चित्रपट. त्याच्या जाहिरातीत ही दोन मुलांची प्रेमकथा आहे हे झाकून ठेवलं होतं. लोक नेहमीची प्रेमकथा समजून थिएटरात गेले. २०१४ च्या 'लव्ह सिक' मालिकेत झाकायचं काही उरलं नव्हतं. २०१६ च्या 'सोटस'ने साचा घट्ट केला: इंजिनिअरिंग कॉलेज, रॅगिंगच्या जवळ जाणारी सीनियर-ज्युनियरची शिस्त, आणि त्या शिस्तीतून फुटणारं प्रेम. २०२० मध्ये जग घरात कोंडलेलं असताना 'टूगेदर' आली आणि हा प्रकार थायलंडबाहेर दूरवर पोचला. आपल्याकडच्या बऱ्याच प्रेक्षकांची सुरुवात तिथली आहे, कारण या मालिका इंग्रजी सबटायटलसह यूट्यूबवर फुकट मिळत होत्या आणि वेळ भरपूर होता.

यामागचं अर्थकारण समजून घेतल्याशिवाय पुढची मतं नीट कळत नाहीत. कथा बहुतेक वेळा इंटरनेटवर गाजलेल्या कादंबरीतून घेतात, म्हणजे वाचक आधीच तयार असतो. नट तरुण आणि पुष्कळदा नवखे. मालिका साधारण बारा भागांची, आठवड्याला एक भाग. कमाईचा मोठा वाटा नंतर येतो, जाहिराती, चाहत्यांचे मेळावे आणि गाण्याचे कार्यक्रम यांतून. तिथे विकली जाते ती दोन नटांची जोडी. गोष्ट बारा भागांत संपते, जोडी पुढच्या मालिकेत पुन्हा येते. निर्मात्याचं लक्ष कुठे जास्त असणार हे यातून उघड आहे.

गोष्टीबद्दलच्या तक्रारी, आणि त्यांची उत्तरं

लेखनावरच्या आक्षेपांत सगळ्यात गंभीर जबरदस्तीचा. २०१९ च्या 'थार्नटाइप'मध्ये एक नायक दुसऱ्याच्या नकाराला न जुमानता जवळीक करतो, आणि पुढे तेच नातं गोड प्रेमकथा म्हणून फुलवलं जातं. हिंदी-मराठी सिनेमात नायिकेच्या मागे लागणारा नायक आपण खपवून घेतला, त्याचाच हा भाऊ. हा भाग पुढे सरकवून बघते, असं सांगणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत. त्या मालिका सोडत नाहीत, पण लेखिकेला माफही करत नाहीत.

दुसरा आक्षेप एका ठरलेल्या संवादावर: मला मुलगे आवडत नाहीत, मला फक्त तू आवडतोस. प्रेमाची परमावधी म्हणून हे वाक्य येतं. तळेगावचा माझा एक मित्र समलिंगी आहे. त्याच्या मते या एका वाक्यात लेखिका त्याच्यासारख्यांना गोष्टीबाहेर काढते. प्रेम असावं, पण त्याला नाव नसावं. हे म्हणणं वजनदार आहे. उलट बाजूचे लोक म्हणतात की अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा स्वतःला ओळखू लागतो तेव्हा असंच अडखळत बोलतो, एकदम नाव घेत नाही. तेही खोटं नाही. फरक इतकाच की अडखळणं हे सुरुवात म्हणून लिहिलंय की शेवट म्हणून, हे मालिकेगणिक पाहावं लागतं.

तिसरा आक्षेप नवरा-बायकोच्या वाटणीचा. दोघांतला एक उंच, अबोल, पैसेवाला. दुसरा नाजूक, रुसणारा. मित्रमंडळी दुसऱ्याला 'बायको' म्हणून चिडवणार. शिवाय मत्सरानं पेटलेली एक मुलगी, अकराव्या भागात हटकून येणारा दुरावा, आणि ऐन भावुक प्रसंगात कॅमेऱ्याकडे तोंड करून धरलेलं वेफर्सचं पाकीट. जाणते प्रेक्षक अकराव्या भागाला आधीच रुमाल काढून बसतात आणि वेफर्स आले की हसतात.

साच्याची बाजू घेणारेही आहेत, आणि त्यांचा मुद्दा मराठी माणसाला समजायला सोपा आहे. आमच्याकडे जत्रेत तमाशा उभा राहतो तेव्हा गण, गौळण, बतावणी आणि वग याच क्रमानं येणार हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही माहीत असतं. गौळणीत मावशी येणार आणि ती पुरुषच करणार, हेही माहीत असतं. क्रम ठाऊक असल्यानं मजा कमी होत नाही. यंदाची मावशी कशी आहे हे बघता येतं. थाई मालिकांचा सराईत प्रेक्षक साचा बघायला बसत नाही, साच्यात यंदा काय हललं ते बघतो.

आणि बरंच हललं आहे. २०२१ च्या 'बॅड बडी'त दिग्दर्शक नोप्पनात चायविमोन यांनी नेहमीचे संकेत मुद्दाम उलटे केले. दोन भांडकुदळ शेजारी कुटुंबांतली दोन मुलं, त्यांतला कोणी 'बायको' नाही, आणि जिच्याकडून कारस्थानाची अपेक्षा असते ती मुलगी कारस्थान करतच नाही. त्यांच्याच 'अ टेल ऑफ थाउजंड स्टार्स'मध्ये शहरातला श्रीमंत मुलगा डोंगरातल्या शाळेत शिकवायला जातो. पावसाळ्यात रस्ता वाहून जाणं म्हणजे काय हे आम्हा मावळातल्या लोकांना सांगावं लागत नाही, त्यामुळे इथल्या काहींना ती मालिका जास्त आपली वाटते. २०२३ ची 'मूनलाइट चिकन' पट्टायातल्या चिकन-भाताच्या दुकानाभोवती फिरते. नायक कॉलेजकुमार नाही, दुकान चालवून थकलेला माणूस आहे, आणि प्रेमाइतकीच त्याला पैशाची काळजी आहे.

लेखनाबद्दलचा मूळ वाद याच्याही खाली आहे. बऱ्याच मालिकांच्या जगात समलिंगी प्रेमाला विरोधच नसतो; आईवडील, शिक्षक, मित्र सगळे राजी. एका गटाला हा दिलासा वाटतो: निदान एका जगात तरी भीती नसावी. दुसऱ्या गटाला ही पळवाट वाटते: घर नाही, भाडं नाही, लग्नाचा तगादा नाही, मग उरलं काय? पहिल्या गटात तरुण स्त्रिया जास्त, दुसऱ्यात समलिंगी पुरुष जास्त, असं ढोबळपणे म्हटलं जातं. माझ्या पाहण्यात मात्र दोन्ही गटांत दोन्ही आहेत.

पडद्यावरची जोडी

अभिनयाबद्दल बोलताना प्रेक्षक एकाच शब्दाशी येऊन थांबतात: केमिस्ट्री. मराठीत आपण 'जोडी जमली' म्हणतो, आणि हा शब्द जास्त नेमका आहे. कारण जमणं ही दोघांची गोष्ट असते, एकट्याच्या कौशल्याची नव्हे. 'सोटस'मधले क्रिस्ट आणि सिंगतो नवखे होते, काही प्रसंगांत अवघडलेले दिसतात, तरी त्यांची जोडी लोकांनी डोक्यावर घेतली. अवघडलेपण पात्रांनाच शोभलं, असं त्यावरचं समर्थन.

नवख्या नटांबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या आहेत: डोळे कोरडे, चुंबनात ओठ दगडासारखे, भांडणात आवाज चढतो पण मान हलत नाही. त्यावर उपाय म्हणून निर्मात्यांनी चित्रीकरणाआधी दोन्ही नटांची कार्यशाळा घेण्याची पद्धत रुळवली. २०२० च्या 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू'चं उदाहरण यात नेहमी दिलं जातं. फुकेतमधली, जेमतेम पाच भागांची ही मालिका. बिलकिन आणि पीपी कृत या दोघांनी त्यात मैत्री, असूया आणि ओढ एकाच नजरेत आणली. थाई मालिकांना एरवी नाकं मुरडणारेही तिच्यापुढे गप्प होतात. 'बॅड बडी'तल्या ओम आणि नानॉन यांनाही असाच मान आहे. गच्चीवरच्या त्यांच्या प्रसंगात संवाद फार थोडे आहेत. एक जण बोलायचं टाळतो आणि दुसरा ते टाळणं बघत राहतो.

इथे जरा थांबतो, कारण या चर्चेत एक मोठी अडचण फारशी कोणी लक्षात घेत नाही. आपण हा अभिनय अर्धाच ऐकतो. थाई भाषेत 'मी' आणि 'तू' यांना नात्याप्रमाणे वेगवेगळे शब्द आहेत. दोस्तांत 'कू' आणि 'मुंग' हे रांगडे शब्द चालतात. मोठ्याला 'फी', धाकट्याला 'नोंग'. वाक्याच्या शेवटी पुरुषानं अदबीनं 'ख्राप' लावायचं. दोन मित्र प्रेमात पडले की हे शब्द बदलतात, आणि तो बदल म्हणजेच प्रसंग असतो. इंग्रजी सबटायटलमध्ये या सगळ्याचं सरसकट 'यू' होतं. थाई नट एका शब्दावर आवाज हलका करतो, आपल्याला वाटतं त्यानं काहीच केलं नाही. 'अरे'वरून 'अहो'वर जायला आपल्याकडे काय लागतं हे ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी प्रेक्षकाला हे मूळ भाषेत कळलं असतं तर नटांना दिलेले मार्क बदलले असते.

चेहऱ्यावरचे भाव म्हणजेच अभिनय, हेही पूर्ण खरं नाही. आमच्या बेडसे लेण्यात चैत्यगृहाच्या व्हरांड्यात उंच खांब आहेत आणि त्यांच्या माथ्यावर जनावरांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत. दोन हजार वर्षांत त्यांचे चेहरे झिजले. तरी ही दोघं एकमेकांची आहेत हे खालून मान वर करून बघणाऱ्याला बसण्यावरूनच कळतं. चांगल्या थाई मालिकांतही तेच होतं: खांदा किती जवळ आहे, छत्री कोणी कोणाकडे कलती धरलीय. तिथे लेखकाचं काम नटांचं शरीर करून टाकतं, आणि लेखन कच्चं असूनही प्रेक्षक टिकतो.

मराठीचं खातं

आपल्याकडे जोडीचं वेड जुनं आहे. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन नाटक मंडळ्या एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. मराठी रसिक ती आठवण शंभर वर्षं काढत आले आहेत. रंगमंचावर शृंगार करणारे दोघेही पुरुष होते, आणि केशवरावांनी स्वतः आधी 'शारदा' केली होती. अर्थात गोष्ट स्त्री-पुरुषाचीच होती, आणि पाहणाऱ्यांनी ती तशीच पाहिली. पुढे स्त्रीवेषातला पुरुष 'मोरूची मावशी' आणि 'अशी ही बनवाबनवी'च्या वाटेनं हसवायला लागला, आणि टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत तो अजून हसवतोच आहे. मराठी नटाच्या अंगात बाईपण आणण्याचं कसब भरपूर आहे. एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाकडे पुरुष म्हणूनच प्रेमानं बघण्याचा सराव मात्र त्याला फारसा मिळाला नाही.

लेखन मात्र आधीच पोचलं होतं. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं; दिग्दर्शन विनय आपटे यांचं, मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा. कॉलेजच्या नाटकात सुमित्रा म्हणजे मित्रा पुरुषाचं काम करते, समोर नायिका म्हणून नमा असते, आणि नाटक संपल्यावर मित्राचं प्रेम संपत नाही. ही गोष्ट सांगतो बापू, मित्राचा मित्र, तिच्यावर जीव असलेला. थाई मालिकांच्या कितीतरी आधी, 'नाटकातली जोडी खरी झाली तर?' हा प्रश्न मराठी नाटककारानं लिहून ठेवला होता, तोही दोन मुलींबद्दल.

या नाटकाबद्दलची मतं आजही दोन टोकांना आहेत. एका बाजूचं म्हणणं असं की तेंडुलकरांनी मित्राला दयेचा विषय केलं नाही; ती हट्टी आहे, दुखावते, दुखावली जाते, आणि तिला मारतो तो भोवतालचा समाज. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की गोष्ट शेवटपर्यंत बापूच्या डोळ्यांनी दिसते, मित्राच्या नाही. आणि समलिंगी पात्रानं शेवटी जीव द्यायचा ही वाट इथूनही गेली. मला पहिली बाजू नाटकाशी जास्त प्रामाणिक वाटते. पण आज विशीतल्या वाचकाच्या हाती हे नाटक दिलं की तो शेवटावर रागावतो, हेही पाहिलं आहे. थाई मालिकांतल्या सुखान्तावर वाढलेल्या डोळ्यांना मित्राचं मरण अटळ वाटत नाही, लेखकानं ठरवलेलं वाटतं.

रवी जाधव यांनी तेंडुलकरांच्याच कथेवर 'मित्रा' हा लघुपट केला; त्याला ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कथात्मक लघुपटाचा मान मिळाला, आणि २०१५ च्या 'बायोस्कोप' या लघुपटसंचातून तो थिएटरात आला. वीणा जामकर यांनी त्यात मित्रा फार कमी बोलून उभी केली. त्याआधी १९८२ च्या 'उंबरठा'त, ज्याची पटकथाही तेंडुलकरांची, सुधारगृहातल्या दोन बायकांचं नातं येतं, पण ते नायिकेपुढच्या अनेक प्रकरणांतलं एक म्हणून. चेतन दातार यांनी आईच्या बाजूनं 'एक माधवबाग' हे एकपात्री लिहिलं: मुलगा समलिंगी आहे हे कळल्यावर एका आईचं काय होतं. मोना आंबेगावकर यांनी ते हिंदीतून ठिकठिकाणी सादर केलं.

कादंबरीत सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) हा टप्पा. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, तिथे राहायला आलेला पेइंग गेस्ट, आणि त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण, तनय आणि अनुजा. अर्धी कादंबरी भावाची, अर्धी बहिणीची. २०१३ मध्ये जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद आला, २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर चित्रपट. चित्रपटात घर पुण्यातून उठून कोचीला गेलं आणि भाषा हिंदी-इंग्रजी झाली. कादंबरीवर प्रेम करणाऱ्यांची मुख्य तक्रार अभिनयापेक्षा या स्थलांतराची असते. पुण्याच्या घरात न बोलता जे बोललं जातं त्यावर ती कादंबरी उभी होती. समुद्र आणि हिरवाई आली, चित्र देखणं झालं, आणि ते न बोलणं पातळ झालं. हाच चित्रपट ज्यांनी कादंबरी न वाचता पाहिला त्यांना आवडला. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आणि मग 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे यांचा हा मराठी चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवातून जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे थिएटरांत लागला. मुंबईत नोकरी करणारा तिशीतला आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. तिथे लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. भावकी लग्नाचा विषय काढत राहते. आनंदच्या आईला मुलाबद्दल सगळं ठाऊक आहे, आणि ती ते सहज वागवते. कॅमेरा एका जागी थांबतो, पार्श्वसंगीत नाही. भूषण मनोज आणि सूरज सुमन या दोघांना चित्रपटात फारसं काही 'करायचं' नाहीच: शेजारी बसायचं, झोपायचं, बाळ्यानं आणलेली निवडुंगाची बोंडं खायची. जयश्री जगताप यांची आई कुठेही भाषण देत नाही.

या चित्रपटाबद्दल दोन मतं ऐकली. संथ आहे, काही घडत नाही, हे एक. आणि दुसरं आमच्या भागातल्या एका शिक्षकाचं. त्यांचं म्हणणं, सुतकात माणूस घराबाहेर पडू शकत नाही, केस कापू शकत नाही, लोक येऊन टेकतात आणि निघत नाहीत. त्या अडकलेपणातच हे प्रेम घडवलं म्हणून ते खरं वाटतं. पटकथेचं याहून चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही. थाई मालिकेत जे काम गच्ची, पाऊस आणि गिटार करतात, ते इथे दशक्रियेच्या दिवसांनी केलं.

ही भूमिका कोणी करायची

जगभर चाललेला हा वाद आपल्याकडेही आला आहे. समलिंगी पात्र समलिंगी नटानंच करावं का? रवी जाधव यांच्याच २०२३ च्या 'ताली' या हिंदी मालिकेत गौरी सावंत यांची भूमिका सुष्मिता सेन यांनी केली तेव्हा, तृतीयपंथी अभिनेत्रीला का घेतलं नाही, हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. कामाची दाद आणि निवडीवरचा आक्षेप दोन्ही एकदम ऐकू आले.

दुसऱ्या बाजूला २०१६ चा 'अलीगढ' आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक आणि कवी रामचंद्र सिरस यांची ही खरी गोष्ट. २०१० मध्ये खाजगी आयुष्यावरून त्यांना निलंबित केलं गेलं आणि त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. मनोज बाजपेयी यांनी सिरस केले. एकट्या खोलीत जुनं गाणं लावून, हातात पेला घेऊन, डोळे मिटून गुणगुणणारा म्हातारा होत चाललेला माणूस: हा प्रसंग ज्यांनी पाहिला ते नट कोण आहे हा प्रश्न विचारत नाहीत. अपूर्व असरानी यांच्या लेखनात सिरस 'गे' या शब्दालाच अडतात. आपल्या भावनेला एवढंसं नाव पुरत नाही असं त्यांना वाटतं. थाई मालिकांतल्या त्या ठरलेल्या संवादाशी हे ताडून बघण्यासारखं आहे. दोन्हीकडे नाव टाळलंय, पण एकीकडे ते लेखिकेनं टाळलंय आणि दुसरीकडे पात्रानं. मराठीचा प्राध्यापक पडद्यावर बहुतेक वेळ हिंदी-इंग्रजीत बोलतो याची खंत मात्र मराठी प्रेक्षकाला राहतेच.

थायलंडमध्ये प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जोडी विकली जाते तेव्हा ती पडद्याबाहेरही जोडी दिसावी अशी चाहत्यांची अपेक्षा असते. नटाला मैत्रीण असल्याचं कळलं की काही चाहते फसवल्यासारखे रागावतात. अभिनयाचं कौतुक कुठे संपतं आणि माणसावरचा ताबा कुठे सुरू होतो, यावर तिथलेच प्रेक्षक एकमेकांशी भांडतात.

अजून न सुटलेलं

कायद्याचा संबंध किती, हा एक प्रश्न. दीपा मेहतांच्या 'फायर' चित्रपटावरून डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत शिवसैनिकांनी थिएटरात तोडफोड केली होती. २०२५ मध्ये 'साबर बोंडं' महाराष्ट्रात तिकीट काढून बघता आला. मधल्या काळात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं परस्परसंमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. थायलंडमध्ये असा विवाह २३ जानेवारी २०२५ पासून कायदेशीर आहे. तो कायदा येण्यात मालिकांचा हात किती आणि रस्त्यावरच्या चळवळीचा किती, यावर एकमत नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि २०११ मध्ये तिथे पहिली अभिमान पदयात्रा निघाली. तेव्हा आपल्याकडे कोणी थाई मालिका बघत नव्हतं. मालिका रस्ता करतात की झालेल्या रस्त्यावरून जातात, हे थाई उदाहरणावरून ठरवता येत नाही.

दुसरा प्रश्न संख्येचा. थायलंडमध्ये वर्षाला इतक्या मालिका येतात की एखादी फसली तर प्रेक्षक पुढची लावतो. मराठीत एका नाटकाला, एका कादंबरीला, एका चित्रपटाला सगळ्यांचं ओझं उचलावं लागतं. म्हणून 'मित्राची गोष्ट'चा शेवट आजही सगळ्या समलिंगी माणसांचा शेवट असल्यासारखा वाचला जातो, आणि 'साबर बोंडं'च्या आईकडून सगळ्या आयांचं काम मागितलं जातं. मराठीत या विषयाचा एखादा फसलेला, फुटकळ, वेफर्सच्या जाहिरातींनी भरलेला वग बघायला मला आवडेल. त्यावर मनसोक्त टीका करता येईल.

तिसरा प्रश्न भाषेचा, आणि तो शेजारच्या पडवीत रोज सुटतो आणि अडतो. त्या घरात सध्या 'सोटस' चालू आहे. ज्युनियर कोंगपोब सीनियर अर्थितला 'फी' म्हणतो. मुलीनं त्याचं 'दादा' केलं. अर्थितदादा रागावला, अर्थितदादानं पळायला लावलं, सगळं ठीक चाललं होतं. मग कोंगपोबचा जीव जडला, आणि आत्यानं सूप खाली ठेवलं.

"दादा म्हनतोय आन त्याच्यावरच जीव? आसं कुटं आसतंय?"

मुलीनं दुसऱ्या दिवशी 'अहो' करून पाहिलं. आत्या इतकी हसली की निवडलेले तांदूळ पुन्हा न निवडलेल्यात मिसळले. "अहो म्हन्जी बायकूच झाला की त्यो!" मग 'तू' करून झालं, पण रॅगिंग घेणाऱ्याला पहिल्या वर्षाचा पोरगा 'तू' म्हणेल हे मुलीलाच पटेना. दोन-तीन संध्याकाळी नुसतं नाव घेऊन ढकलल्या.

"तिकडं काय म्हनतंय ते पोरगं?" शेवटी आत्यानं विचारलं.

"फी."

"मंग फीच म्हन की."

आता ती फीच म्हणते.